विदर्भाच्या नावाने निघालेले पक्ष आणि आपली गावं

(कोरपना येथे 9 ऑगस्ट 2009 रोजी आदिवासी दिनाच्या मेळाव्यात झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. गुड्यात, पोडावर ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना बसवून वाचून दाखवावं.)

पहाडावरून पायी उतरून आलेल्या आया-बहिणींनो, गावपाटलांनो, म्हाताऱ्या बुवांनो आणि आमच्या वयाच्या पोरापोरींनो,

डवरणी-निंदणीचे दिवस आहेत. एक दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही आलात. म्हणून इकडचं तिकडचं न बोलता एकाच गोष्टीवर बोलतो.

दिवाळीच्या तोंडावर विधानसभेची निवडणूक आहे. मागच्या दोन बैठकांत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी एक गोष्ट मांडली. ते म्हणाले, "दरवेळी आपण दुसऱ्याचा झेंडा धरतो, दुसऱ्याच्या जीपमध्ये बसतो, दुसऱ्याच्या नावाने ओरडतो. मत झालं की आपल्याला कोणी विचारत नाही. यंदा आपलाच पक्ष काढू, आपलाच माणूस उभा करू." ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्यांनी ती मांडली ते बाजारात बसून गप्पा मारणारे लोक नाहीत. त्यांनी जबरान जोतीसाठी मार खाल्ला आहे, जामिनासाठी बैल विकले आहेत. त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं पाहिजे, आणि ऐकून घेतल्यावर तोललंही पाहिजे.

तोलायचं तर आपल्याआधी या रस्त्याने कोण गेलं आणि कुठपर्यंत पोचलं ते पाहावं लागतं. म्हणून आज आम्ही विदर्भाच्या नावाने निघालेल्या पक्षांची गोष्ट सांगणार आहोत. ही फार जुनी गोष्ट नाही. आमच्या वयाच्या पोरांनी पहिल्यांदा मत टाकलं त्या सुमाराची आहे.

लाट कशी आली

2000 साली नोव्हेंबर महिन्यात देशात तीन नवी राज्यं झाली. 1 तारखेला छत्तीसगड, 9 तारखेला उत्तरांचल आणि 15 तारखेला, बिरसा मुंडांच्या जयंतीला, झारखंड. छत्तीसगड तर गडचिरोलीला लागूनच आहे. मग विदर्भात लोक म्हणू लागले, की त्यांचं झालं तर आमचं काहून नाही?

मागणी खोटी नव्हती. 1955 साली फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं असं लिहून दिलं होतं. पण 1956 साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. तेव्हापासून नोकऱ्या, पाणी, वीज, रस्ते सगळ्यांची ओरड आहे. कोळसा इथला, वीज इथली, सिमेंट इथलं, आणि अंधारही इथलाच.

अशा हवेत 2002 साली जांबुवंतराव धोटे यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली. जांबुवंतराव म्हणजे विदर्भाचा वाघ. 1971 साली ते नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉककडून खासदार झाले होते, 1980 साली काँग्रेसकडून. त्यांच्या सभेला गर्दी कशी व्हायची ते तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. मग 2003 साली बनवारीलाल पुरोहित यांनी विदर्भ राज्य पार्टी काढली. पुरोहितही लहान माणूस नाही. नागपुरातून तीनदा खासदार झालेले, 1984 आणि 1989 साली काँग्रेसकडून, 1996 साली भाजपकडून. हाताशी 'हितवाद'सारखं इंग्रजी वर्तमानपत्र. म्हणजे नाव होतं, पैसा होता, पेपर होता, आणि लोकांच्या मनात बसलेली मागणीही होती. पक्षाला याहून जास्त काय लागतं?

2004 च्या एप्रिल-मे महिन्यात लोकसभेची निवडणूक झाली. पुरोहित नागपुरातून आपल्या पक्षाकडून उभे राहिले आणि पडले. निवडून आले काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. तेव्हा विदर्भात लोकसभेच्या 11 जागा होत्या. विदर्भाच्या नावाने निघालेल्या पक्षाला त्यातली एकही जागा मिळाली नाही. भाजप-शिवसेनेला 10 आणि काँग्रेसला 1. आता नीट ऐका. त्या 10 पैकी 4 जागा शिवसेनेच्या होत्या: बुलढाणा, वाशीम, अमरावती आणि रामटेक. शिवसेना तर उघड म्हणते, की महाराष्ट्राचा तुकडा पडू देणार नाही. म्हणजे ज्या पक्षाने वेगळ्या विदर्भाला चक्क नाही म्हटलं त्याला विदर्भातच 4 खासदार, आणि ज्यांनी विदर्भाचं नावच पक्षाला दिलं त्यांच्या हाती काही नाही.

पुढे काय झालं? यंदाच्या लोकसभेत तेच पुरोहित त्याच नागपुरातून पुन्हा उभे राहिले, पण भाजपच्या कमळावर. पुन्हा मुत्तेमवारांकडून पडले. त्यांचा जुना पक्ष कुठे आहे? फलक उतरला, गोष्ट संपली. एका निवडणुकीपुरतं त्याचं आयुष्य. पावसाळ्यात मोहाच्या बुडाशी छत्री उगवते ना, सकाळी दिसते आणि उन्हं चढली की बसते, तसं.

आम्ही हे कोणाची टर उडवायला सांगत नाही. या माणसांना आमच्यापेक्षा राजकारण जास्त कळतं. म्हणूनच विचार करायचा, की त्यांचं असं झालं तर आपलं काय होईल?

पक्ष काहून पडला

आम्हाला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण. मागणी लोकांची होती, पण पक्ष लोकांचा नव्हता. पक्ष वरून खाली आला. आधी नेता, मग नाव, मग झेंडा, आणि शेवटी कार्यकर्ता शोधायला निघाले. घर बांधताना आपण आधी मयाल टाकतो का? आधी खांब रोवतो. खांब म्हणजे गाव. गावात बसणारा, रात्री-बेरात्री धावून येणारा माणूस नसेल तर वरचं छप्पर पहिल्याच वाऱ्याला जातं.

दुसरं कारण. माणूस मनात एक ठेवतो आणि मत देताना दुसरंच मोजतो. विदर्भ पाहिजे का म्हणून विचारलं तर दहातले आठ हो म्हणतील. पण मत देताना तो पाहतो, की हा निवडून येईल का? माझ्या विहिरीचं, माझ्या कर्जाचं काम करील का? माझ्या जातीचा आहे का? आणि माझं मत वाया तर जाणार नाही? नव्या पक्षाला या शेवटच्या प्रश्नानेच मारलं. "माणूस चांगला आहे, पण येत नाही," असं गावात एकदा पसरलं की संपलं.

तिसरं कारण. जे मोठ्या पक्षातून निघून आले त्यांची परत जायची वाट उघडीच होती. लोकांना ते दिसतं. ज्याच्या पाठीमागे दुसरं घर आहे तो आपल्या घरासाठी किती दिवस उपाशी राहील, असं लोकांच्या मनात येतं. बोलून दाखवत नाहीत एवढंच.

राज्य बदललं, नाकेदार तोच

आता एक गोष्ट आपल्या मुलखाची. विदर्भवाले म्हणतात राज्य वेगळं झालं की सगळं सुधारेल. आपल्या राजुरा-कोरपना-जिवतीच्या लोकांनी राज्य बदलताना डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्धा-पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख निजामाचा. आपले आजे आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचे. कोमराम भीमू 1940 साली जोडेघाटला मारले गेले ते त्याच जिल्ह्यात, जल-जंगल-जमिनीसाठी. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं. 1956 साली राजुरा तालुका तिथून तोडून मुंबई राज्यातल्या नांदेड जिल्ह्याला जोडला. 1959 साली नांदेडहून काढून चांद्याला दिला. 1960 साली महाराष्ट्र झाला. वीस वर्षांत राज्य बदललं, जिल्हा बदलला, कचेरीची भाषा बदलली. पण वावरात येऊन "हे फॉरेस्ट आहे, उठ" म्हणणारा नाकेदार तोच राहिला.

जिवतीच्या पहाडावर 14 गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि आंध्रही. तिथले लोक दोन्ही राज्यांत मत देतात. दोन राज्यांचं रेशन कार्ड, दोन शाळा, दोन सरपंच. मतांचाच हिशेब केला तर त्यांच्याइतका श्रीमंत माणूस देशात नाही. पण जमिनीच्या पट्ट्याचं विचारा, तो प्रश्न अजून लोंबकळतो आहे. दोन-दोन सरकारं निवडूनही पायाखालची जमीन नावावर होत नसेल, तर नुसतं मत देणं किंवा नुसतं राज्य बदलणं यावर आपण भरवसा ठेवावा का?

वेगळ्या विदर्भाला आमचा विरोध आहे असं कोणी समजू नये. झाला तर होवो. पण त्या राज्यात जंगल कोणाचं, हे आधी लिहून पाहिजे.

आदिवासींनी लढवलेल्या निवडणुका

कोणी म्हणेल, ते नागपूरवाले होते, आपली गोष्ट वेगळी. मग आपल्या लोकांची गोष्ट घेऊ.

1962 साली चांदा लोकसभेत लाल श्याम शाह अपक्ष उभे राहिले. पानाबारसचे जमीनदार, गोंड समाजाचे, आदिवासींमध्ये मोठा मान. पाठीशी कोणताही मोठा पक्ष नाही, आणि तरी काँग्रेसच्या त्या भरात ते निवडून आले. गावागावातून लोक चालत त्यांच्या मागे गेले होते, म्हणून हे झालं. पण दिल्लीत गेल्यावर एकटा माणूस काय करणार? आदिवासींचं कोणी ऐकत नाही हे पाहून 1964 साली त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. पोटनिवडणूक झाली आणि जागा काँग्रेसकडे गेली. लाल श्याम शाहांचा स्वाभिमान आम्ही डोक्यावर घेतो. पण यातून एक गोष्ट शिकायची. जिंकणं हा एक डोंगर, आणि जिंकल्यावर टिकणं हा दुसरा.

दुसरी गोष्ट गोंडवाना गणतंत्र पार्टीची. हिरासिंग मरकाम यांनी 1991 साली ती काढली. आपल्या घरांवर सात रंगांचा झेंडा कोणी लावला असेल त्याला हे नाव सांगायला नको. 2003 साली मध्य प्रदेश विधानसभेत त्या पक्षाचे 3 आमदार निवडून आले. 230 मध्ये 3, पण गोंड माणसाची छाती फुगली. मग आपसात फाटाफूट झाली, एकाचे दोन गट झाले. 2008 साली तिथेच एकही आमदार आला नाही. मतं कुठे पळाली नव्हती. वाटली गेली. एका मडक्यातली आंबील चार द्रोणांत ओतली की कोणाचंच पोट भरत नाही.

तिसरी गोष्ट झारखंड पार्टीची. जयपाल सिंग मुंडा यांचा पक्ष. 1952 साली बिहार विधानसभेत त्यांचे 32 आमदार होते. 1963 साली पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. नेता गेला, पक्ष गेला, पण मागणी गावात जिवंत राहिली म्हणून 2000 साली झारखंड झाला. पक्ष मेला तरी गाव मेलं नाही तर गोष्ट पुढे जाते. उलट गाव झोपलं आणि पक्ष जागा राहिला तर काही होत नाही.

लहान पक्ष कधी जिंकतच नाही असंही नाही. आपल्याच राजुरा मतदारसंघात 2004 साली स्वतंत्र भारत पक्षाचे वामनराव चटप निवडून आले. तो पक्ष शरद जोशींनी 1994 साली काढला. पण त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं शेतकरी संघटना गावागावात कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसत होती. बिल्ला लावलेला माणूस गावात आधी आला, निवडणुकीची निशाणी नंतर आली. त्यांचे सगळे विचार आपल्याला पटतात असं नाही, आणि त्यांना मत द्या म्हणूनही आम्ही हे बोलत नाही. क्रम पाहा एवढंच म्हणतो.

आणि सीमेपलीकडे आदिलाबादकडे पाहा. तेलंगणा राष्ट्र समिती 2001 साली निघाली, म्हणजे विदर्भाच्या पक्षांच्या आगेमागेच. 2004 साली काँग्रेसशी युती करून तिचे 5 खासदार आले. यंदा 2 वर आली. पडली, पण फलक उतरला नाही. कारण तिथे शेतात निंदणारी बाईसुद्धा तेलंगणाचं नाव घेते.

आता आपला हिशेब

भावनेचं झालं, आता आकड्याचं बोलू. आमचं शिक्षण बारावीपर्यंतचं, पण एवढा हिशेब जमतो.

राजुऱ्याची जागा खुली आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तीन जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात विधानसभेची एकही जागा आदिवासींसाठी राखीव नाही. राजुरा मतदारसंघात राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी आहे. आपण या चारही तालुक्यांत आहोत, पण विखुरलेले. एका गुड्यात आपण सगळे, तर पुढच्या मोठ्या गावात चार घरं.

उमेदवारी अर्ज भरायला पैसा जास्त लागत नाही. अनामत 5,000 रुपये, आदिवासी उमेदवाराला निम्मी, म्हणजे 2,500. मान्यता नसलेल्या पक्षाच्या किंवा अपक्ष उमेदवाराला 10 सूचक लागतात. ते तर एका पोडावर मिळतील. पण अनामत परत मिळायची तर पडलेल्या मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं पाहिजेत. समजा 1 लाख 80 हजार मतं पडली, तर अनामत वाचवायलाच 30 हजारांच्या वर मतं लागतात. निवडून यायला त्याच्या दुप्पट धरा. आज आपल्या संघटनेची पावती किती घरांत आहे, ते ज्याने-त्याने आपल्या गावाचं मनात मोजावं.

खर्चाचं पाहा. सरकारने विधानसभेच्या उमेदवाराला 10 लाखांची मर्यादा घातली आहे. मोठे पक्ष खरा खर्च किती करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्याला 10 लाख कुठून आणायचे? तेंदूच्या हंगामात एक बाई दिवसभर पुडे बांधते, तिच्या मजुरीतून? आणि कोणी बाहेरचा म्हणाला, "पैसा मी देतो, तुम्ही उभे राहा," तर समजून घ्या की त्याला आपलं निवडून येणं नको आहे. त्याला आपल्या हाताने दुसऱ्या कोणाची तरी मतं खायची आहेत. अशा माणसाच्या जीपमध्ये पाय ठेवू नका.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. निवडणुकीत पडल्यावर नागपूरच्या पुढाऱ्याचं काही बिघडत नाही. त्याची इमारत तिथेच उभी असते. आपलं तसं नाही. आपण उभे राहिलो आणि 4 हजार मतांवर थांबलो, तर दुसऱ्या दिवशी कचेरीतला साहेब, फॉरेस्टवाला, कंपनीचा दलाल सगळे म्हणतील, "पाहिली तुमची ताकद! चार हजार!" आज मोर्चात दोन हजार माणूस आला तर कचेरीचा दरवाजा उघडतो. कारण आपण किती आहोत ते त्यांना नक्की माहीत नाही. ही झाकली मूठ आहे. ती उघडायची असेल तर आत काहीतरी भरून मगच उघडावी.

आपल्या हातात काय आहे

मग काय, हात बांधून बसायचं? नाही.

आठवा, 2002 साली काय झालं होतं. 3 मे ला केंद्राच्या वन खात्याचं पत्र निघालं, की 30 सप्टेंबरच्या आत जंगलजमिनीवरची सगळी अतिक्रमणं उठवा. किती ठिकाणी उभ्या पिकात गुरं घातली, किती झोपड्या पाडल्या. देशभर लोक रस्त्यावर आले. महाराष्ट्रात 10 ऑक्टोबरला शासन निर्णय निघाला, की दावे गावात तपासा. मग 2006 साली वन हक्काचा कायदा झाला, 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला. हे व्हायला आपल्या संघटनेचा आमदार लागला नाही. गावं उभी राहिली म्हणून झालं.

आणि त्या कायद्यात जे दिलं आहे ते पाहा. दावा घ्यायचा, तपासायचा आणि ठराव करायचा पहिला अधिकार ग्रामसभेचा. आमदाराचा नाही, तहसीलदाराचा नाही. वन हक्क समिती गावाने निवडायची, 10 ते 15 माणसं, त्यात तिसरा हिस्सा तरी बाया. तिथून दावा उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आदिवासीच्या ताब्यात असेल तर 4 हेक्टरपर्यंत पट्टा, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावाने. तपास पुरा होईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. पुरावे दोन लागतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरला जातो. निस्तार, मोहफूल, तेंदू, बांबू, गुरं चारायचं रान यासाठी गावाचा सामूहिक दावाही करता येतो.

आता विचारतो, किती गावांनी सामूहिक दावा टाकला? आज सकाळी नावं घेतली तेव्हा फार थोडे हात वर आले. आम्ही स्वतः एका कचेरीत तीन खेटे घातले तेव्हा कुठे दाव्याची पोच मिळाली. ज्यांनी पोच न घेता कागद दिला त्यांचा कागद कुठे गेला ते कोण सांगणार? कोलाम पोडांचं तर आणखी अवघड. पोड एका ग्रामपंचायतीत, समिती दुसऱ्या मोठ्या गावात, आणि त्या समितीत कोलाम एकच, तोही नावापुरता. पोडाची स्वतःची ग्रामसभा झाली पाहिजे, हे आपलं पहिलं भांडण आहे.

दाव्यांचं काम पुढच्या चार-सहा महिन्यांचं आहे. त्याच दिवसांत निवडणूक. आपल्याकडे लिहू-वाचू शकणारी पोरं मोजकी आहेत. तीच दाव्याचे नकाशे काढतात, तीच अर्ज लिहितात. ती प्रचाराला गेली तर दाव्याची फाईल कोण सांभाळणार? मत पाच वर्षांनी पुन्हा येईल. दावा एकदा खोटा ठरला की 60 दिवसांत अपील, आणि ते चुकलं तर पोराबाळांपर्यंत निस्तरत बसावं लागतं.

म्हणून आमचं मत असं आहे. सांगतो, पटलं तर घ्या, नाही तर उठून बोला.

एक. या विधानसभेला संघटनेने पक्ष काढू नये, उमेदवार देऊ नये.

दोन. पण गप्पही बसू नये. जो उमेदवार गावात येईल त्याला ग्रामसभेत बसवावं. खाटेवर बसवा, पाणी द्या, आणि तीन गोष्टी लिहून मागा. पोडाला-गुड्याला स्वतंत्र ग्रामसभा देण्याच्या बाजूने उभा राहशील का? सामूहिक दाव्यांचा निकाल लागेपर्यंत त्या जंगलात खाणीला किंवा कंपनीला जागा देण्याला विरोध करशील का? 14 गावांच्या आणि जबरान जोतीच्या पट्ट्यांचा प्रश्न सभागृहात विचारशील का? जो सही करील त्याचा कागद या पत्रकात छापू. जो करणार नाही त्याचंही नाव छापू. कोंबड्या-बाटलीवर गावाचं मत ठरू देऊ नका, हे आया-बहिणींनी पाहावं. त्यांचं घरात जास्त चालतं.

तीन. ज्यांना निवडणूक लढवायचीच आहे त्यांनी खालून सुरू करावं. ग्रामपंचायत आहे, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद. तिथे आदिवासींच्या राखीव जागा आहेत. आज त्या जागेवर आपलाच माणूस बसतो, पण चिठ्ठी दुसऱ्याची वाचतो. तिथे गावाने निवडलेला, ग्रामसभेला हिशेब देणारा माणूस बसवून दाखवू. दहा ग्रामपंचायती नीट चालवून दाखवल्या तर अकराव्या गावाला सांगावं लागत नाही.

चार. पुढे कधी पक्ष काढायचाच झाला, तर आधी तीन गोष्टी पुऱ्या व्हाव्यात. निम्म्याहून जास्त गावांनी ग्रामसभेत ठराव केलेला असावा. पैसा घराघरातून पावती फाडून आलेला असावा. आणि उमेदवार एकट्याने ठरू नये, गावांनी ठरवावा, आणि चुकला तर गावांना त्याला खाली उतरवता यावं. एवढं झालं तर आम्ही स्वतः झेंडा खांद्यावर घेऊ.

आमच्यातले काही मित्र म्हणतील, "तुम्ही घाबरता." त्यांना एवढंच सांगायचं आहे, की बाबुराव शेडमाके घाबरले नव्हते. 1858 साली चांद्याला त्यांना फाशी दिली. पण तेही एकटे निघाले नव्हते. आधी माणसं गोळा केली, मग तलवार काढली.

गडचिरोलीत मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. तिथे लोक म्हणतात, "मावा नाटे मावा राज," आमच्या गावात आम्हीच सरकार. त्या गावाने पक्ष काढला नाही. सगळे एकत्र बसतात, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात, आणि मग कोणालाही मागे हटू देत नाहीत. अधिकारी तिथे जातो तेव्हा आधी विचारून जातो. आमदार नसताना एवढी पत असेल, तर ती कुठून आली ते पाहायला आपल्या दहा-वीस पोरापोरींनी एकदा तिथे जाऊन यावं. खर्च संघटनेच्या पेटीतून करू.

शेवटचं काम. हा निर्णय आम्ही चार जणांनी इथे मंडपात घ्यायचा नाही. पोळा पुढच्या आठवड्यात आहे. पोळ्याला सगळे गावातच असतात. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येक गुड्याने, प्रत्येक पोडाने बसावं. वरच्या चार गोष्टी एक-एक करून बोलाव्या. बायांना मागे बसवू नका, त्यांचं मत आधी घ्या. जे ठरेल ते वहीत लिहा, तारीख टाका, सह्या-अंगठे घ्या, आणि त्या कागदाची एक प्रत महिनाअखेरीच्या आत कोरपन्याला पोचवा. आमच्या म्हणण्याच्या उलट ठराव जास्त गावांतून आले तर आम्ही तो ठराव मानू आणि त्या कामाला लागू.

आणि येताना आणखी एक कागद आणा: तुमच्या गावात किती दावे टाकले, किती जणांना पोच मिळाली, किती जणांना नाही. दोन्ही कागद एकत्रच आणा.

जय सेवा! जोहार!